रांजणातला वारा

या, सरका जरा. गोधडी सगळ्यांनी मिळून घ्या, ओढाओढ नको. आज राजाची गोष्ट सांगते. पण आधीच सांगून ठेवते, गोष्ट जरा कडू आहे. तरी ऐकायची? बरं, मग ऐका.

एक होता राजा. त्याचं राज्य दर्याकाठी. मागे डोंगर, पुढे पाणी आणि मधे चिंचोळी पट्टी. त्या पट्टीत माडाच्या बागा आणि गावं. त्या राज्यात सगळं होतं, आणि वादळही होतं. चार-सहा वर्षांनी यायचंच. लोकांना ते ठाऊक होतं. चैत्र सरला की घरोघर छपरांची शाकारणी व्हायची. छपरावरून काथ्याचे दोर टाकायचे आणि खाली खुंटांना आवळून बांधायचे. माडावरच्या सुकलेल्या झावळ्या नि नारळ उतरवायचे, नाहीतर वाऱ्यात तेच डोक्यात बसतात. पोहे, गूळ, सुकी मासळी मडक्यात भरून मडक्यांची तोंडं लिंपायची. आणि डोंगरावर दगडात एक मोठी घळ होती. तिथं जायची वाट कोयत्यानं साफ ठेवायची. लहान पोरंसुद्धा त्या वाटेनं डोळे मिटून वर जायची.

मग एका वर्षी असंच वादळ आलं आणि राजवाड्याची तुळई खाली आली. राणी तिच्याखाली सापडली. राजानं राणीचा हात धरला होता, पण तुळई काही हलेना. हात हातात असतानाच राणी गेली. मागे एक तान्ही मुलगी राहिली.

राजा वाईट नव्हता, बरं का. पण त्या दिवसापासून तो नुसता छताकडे बघत बसायचा. पान वाढलं की तसंच परत जायचं. मग एक दिवस त्यानं दवंडी पिटवली. माझ्या राज्यात यापुढं वारा वाहता कामा नये. जो वारा धरून आणेल त्याला मागेल ते देईन.

तीन मांत्रिक आले. पहिल्यानं जाळं टाकलं. वारा भोकांतून निघून गेला. दुसऱ्यानं डोंगराच्या खिंडीला दार बसवलं. वारा दारावरून उडी मारून गेला. तिसरा मात्र कुणाशी बोललाच नाही. तो एक रांजण घेऊन माडाच्या बागेत बसला आणि हळू आवाजात अंगाई म्हणायला लागला. वर झावळ्यांत वाऱ्याचं एक लेकरू खेळत होतं. आपल्यालाच कुणी बोलावतंय असं त्याला वाटलं. ते खाली आलं, आणि आत काय आहे म्हणून रांजणात वाकलं. मांत्रिकानं झाकण ठेवलं आणि वरून मेण ओतलं.

झालं. लेकरू हरवलं म्हणून बाकीचे सगळे वारे त्याला शोधायला लांबच्या देशांत निघून गेले. राज्यात पान हलेना. शिडं ओल्या लुगड्यासारखी लोंबायला लागली. कोळी दिवसभर वल्ही मारून दमायचे. खळ्यावर धान्य उपणायला वारा मिळेना, बायका सुपं हलवून हलवून थकायच्या. पण छपरं उडत नव्हती, होड्या बुडत नव्हत्या. लोक म्हणाले, चालेल.

राजानं तो रांजण आपल्या शेजघरात ठेवला. रांजणाला कान लावला तर आत बारीक हुंदके ऐकू यायचे. राजानं कधी कान लावला नाही.

मग राजानं आणखी एक हुकूम काढला. आता कुणी छपराला दोर बांधायचा नाही. कुणी वादळाचं नाव काढायचं नाही. दोर दिसला की पोरं विचारतात, कशाला बांधलाय, आणि मग घाबरतात. माझ्या राज्यात पुन्हा कुणी घाबरायचं नाही. राजाचे शिपाई गावोगाव फिरायला लागले. वर्षं गेली. दोर कुजले. डोंगरावरच्या वाटेवर करवंदीच्या जाळ्या माजल्या, आणि घळ कुठं आहे हे नव्या पोरांना सांगता येईना.

झोपला नाहीत ना? हं.

तर त्या राज्यात एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं. तिथं भिवा नावाचा नावाडी राहायचा. माणसांना होडीतून पैलतीरी न्यायचं आणि आणायचं, हे त्याचं काम. त्याची बायको मथुरा. म्हातारी आई आवडाय. मुलगी गोजी, तुमच्याएवढीच. आणि पाळण्यात एक बाळ. गोजीचं एक करडू होतं, पांढऱ्या कानांचं. ती त्याला सोडून जेवायलाही बसायची नाही.

एके सकाळी गोजीनं पाहिलं, खेकडे दर्याकडे पाठ करून डोंगराकडे निघालेत. एक-दोन नाही, ओळीच्या ओळी. गाव हसलं. लोकांनी टोपल्या भरल्या आणि घरोघर कालवण केलं. दुसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. गाव म्हणालं, उन्हाळा आहे, लागणारच. आवडायनं मात्र ते पाणी दोनदा चाखून बघितलं.

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावरून कुणीतरी हाक मारली. भिवा होडी घेऊन गेला. एक म्हातारी बाई उभी होती. पाय धुळीनं माखलेले, केस सुटलेले. ती होडीत बसली, पण होडी बोटभरही खाली गेली नाही. सगळीकडे वारा पडलेला, आणि तिचा पदर मात्र फडफडत होता. भिवानं वल्हं मारताना एकदाही मागं वळून बघितलं नाही. त्याला भीती वाटली.

ती बाई सरळ मथुरेच्या दारात आली आणि तिनं पाणी मागितलं. मथुरेनं तांब्या दिला. पाणी पिऊन ती पाळण्याजवळ गेली आणि बाळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझं लेकरू कुणी कोंडून ठेवलंय. पाहिलंस का?"

मथुरेनं पाळण्याचा दोर घट्ट धरला. समोर कोण उभं आहे ते तिला कळलं. रांजणाची गोष्ट सगळ्या राज्याला ठाऊक होती. तिनं खरं सांगितलं. म्हणाली, राजाच्या शेजघरात आहे.

"मला आत्ता कळलं, आणि मी तिथंच चालले आहे," ती बाई म्हणाली. "त्याच्या दारात हळू विचारीन. त्यानं दार उघडलं नाही, तर परवा सूर्य डोक्यावर आला की मोठ्यानं विचारीन."

मथुरेनं पदर पसरला. ती म्हणाली, बाई, आमचा यात काय दोष? आमच्याही घरात लेकरं आहेत.

"तू पाणी दिलंस, ते माझ्या लक्षात राहील," वाऱ्याची आई म्हणाली. "पण मी मोठ्यानं यायला लागले की मला काही दिसत नाही. तुझं घर कुठलं आणि राजाचं कुठलं, मला ओळखू येणार नाही. माझ्यामागून दर्याही येईल. तेवढं बघून ठेव."

एवढं बोलून ती गेली. अंगणातला पाचोळा तिच्यामागून थोडा सरपटत गेला, आणि पुन्हा सगळं शांत झालं.

भिवा म्हणाला, मी राजाला जाऊन सांगतो. भाकरी बांधून घेतली, एका कोळ्याच्या होडीतून पैलतीरी उतरला आणि तिथून पायी निघाला. जाताना मथुरेला एवढंच म्हणाला, "मी आलो नाही तर होडी पाण्यात ठेवू नकोस."

राजवाड्यात काय झालं? राजानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. चिडला नाही. फक्त एकदा छताकडे बघितलं. कालच कुणी म्हातारी दाराशी येऊन गेल्याचं त्याला ठाऊक होतं. त्यानंच दार उघडू दिलं नव्हतं. तो म्हणाला, हा माणूस लोकांना घाबरवतोय. याला कोंडा. आणि भिवाला शेजघराखालच्या खोलीत कोंडलं.

इकडे मथुरा वाट बघत बसली नाही. तिनं आवडायला विचारलं, "आत्याबाई, पूर्वी काय काय करायचे, ते सगळं सांगा." आवडायनं आठवून आठवून सांगितलं. मथुरा माळ्यावर चढली, जुना काथ्या काढला, दोघींनी दोर वळले आणि छपरावर टाकून बांधले. तेवढ्यात शिपाई आला. त्यानं दोर बघितले आणि तलवारीनं तोडले. एक, दोन, सगळे. तो निघून गेल्यावर मथुरेनं पाळण्याचे दोर सोडले. विहिरीचा दोर आणला. तो पुरेना, तेव्हा लग्नातलं लुगडं काढलं आणि त्याच्या पट्ट्या फाडायला लागली.

शेजारच्या द्रौपदानं हे कुंपणावरून बघितलं. ती मघापर्यंत हसत होती. पण लग्नातलं लुगडं कुणी उगाच फाडत नाही, हे तिला समजलं. ती आपलं लुगडं घेऊन आली. मग आणखी दोन बायका आल्या. मग त्यांचे नवरे आले. सगळ्यांनी मिळून छप्पर पुन्हा बांधलं. भिवाची होडी ओढून डोंगराच्या पायथ्याला नेली, वाळूनं भरली आणि चिंचेच्या बुंध्याला जखडली. काहींनी आपल्याही होड्या ओढल्या. काहींनी नाही ओढल्या. गावचा पाटील म्हणाला, राजानं सांगितलंय ना वारा येणार नाही म्हणून, मग येणार नाही. त्याच्या वाड्याची दारं सागवानी होती.

मग मथुरा कोयता घेऊन डोंगराच्या वाटेला लागली. करवंदीच्या काट्यांनी तिचे हात सोलून निघाले. आवडाय खालून हाका मारून सांगत होती, आता डावीकडे, आता त्या मोठ्या कातळाला वळसा घाल. दुसऱ्या दिवशी सांज होता होता घळीचं तोंड सापडलं. आत वटवाघळं होती, पण जागा कोरडी होती. मथुरेनं तिथं पाण्याच्या घागरी, पोह्यांची मडकी आणि सुकं सरपण नेऊन ठेवलं. भिवा अजून आला नव्हता. ती मधूनच थांबून खाडीकडे बघायची आणि पुन्हा कामाला लागायची.

तिसरा दिवस उजाडला. आभाळ तांब्याच्या रंगाचं. एकही पक्षी नाही. मग सगळ्यांच्या देखत दर्या मागं सरला. इतका मागं, की तळाचे खडक दिसायला लागले. मथुरा म्हणाली, चला.

गुरांची दावी सोडली, म्हणजे ती आपली आपण वाट काढतात. म्हाताऱ्यांना डोलीत घातलं. आवडाय म्हणाली, मी चालते, डोली ज्यांना पाय नाहीत त्यांना द्या. मथुरा पुढे, कडेवर बाळ, डोक्यावर बोचकं. मागून आवडाय गोजीचा हात धरून. निम्मी चढण झाली आणि गोजी एकदम थांबली. मग तिनं आजीला सांगितलं. करडू पळून जाऊ नये म्हणून तिनं ते सकाळीच मागच्या पडवीत बांधून ठेवलं होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

आवडायनं मथुरेकडे बघितलं. ती बरीच वर गेली होती. आभाळ आता काळं झालं होतं. आवडाय म्हणाली, "तू आईचा पदर धर जा. मी आणते त्याला."

ती का गेली, असं मला विचारू नका. एका करडासाठी कुणी जातं का, असं लोक पुढं म्हणालेच. पण तिनं गोजीचा चेहरा बघितला होता. लोकांनी नव्हता बघितला.

मग वाऱ्याची आई आली. ती मोठ्यानं विचारत आली. तो आवाज ज्यांनी ऐकला ते म्हणायचे, त्यात शब्द नव्हते, पण काय विचारतेय ते कळत होतं. माड वाकले आणि मोडले. नारळ दगडासारखे येत होते. मोकळ्या पडलेल्या होड्या पाचोळ्यासारख्या उडाल्या. घळीत माणसं एकमेकांना चिकटून बसली. मथुरेनं डोकी मोजली आणि तिच्या लक्षात आलं. ती बाहेर धावली, तसं द्रौपदानं आणि दोघा गड्यांनी तिला धरलं. बाहेर उभंसुद्धा राहता येत नव्हतं. ती ओरडत होती, पण तोंडातून आवाज बाहेर पडायच्या आधीच वारा तो घेऊन जात होता.

मग दर्या आला. घळीच्या तोंडातून सगळं दिसत होतं. पाटलाचा वाडा, सागवानी दारांसकट, गेला. मथुरेच्या घराचं छप्पर काही उडालं नाही, बरं का. दोर तुटले नाहीत. लुगड्याच्या पट्ट्यासुद्धा तुटल्या नाहीत. पण खालून पाणी शिरलं, भिंती विरघळल्या, आणि अख्खं छप्पर टोपलीसारखं तरंगत निघून गेलं.

थोड्या वेळानं घळीच्या तोंडाशी काहीतरी पांढरं दिसलं. करडू होतं. भिजलेलं, लटलट कापणारं. गळ्यात दावं नव्हतं. त्याच्यामागून कुणी आलं नाही.

गोजी म्हणाली, "मी बांधलं होतं."

मथुरेनं तिला मांडीवर ओढून घेतलं आणि म्हणाली, "पुढच्या वेळी मला आधी सांगायचं." एवढंच.

पोरांनो, इकडे या जवळ. अजून थोडीच राहिली आहे.

तिकडे राजवाड्यात पहारेकरी दारं उघडी टाकून पळाले. भिवाला पळायला वाट मोकळी होती. पण बाहेर पाऊल टाकता येत नव्हतं, आणि घरी पोचायला खाडी ओलांडावी लागली असती. मग तो जिन्यानं वर गेला. शेजघरात राजा भिंतीला टेकून बसला होता. एका हातात राजकन्येचा हात, दुसरा हात रांजणावर. वर छत कुरकुरत होतं. राजा पुन्हा छताकडेच बघत होता.

भिवा त्याच्यासमोर बसला. राजाला आज्ञा करायची हिंमत कुणाला असते? पण त्याला आपली पोरं आठवत होती. तो म्हणाला, "महाराज, आत आहे ते तुमच्या मुलीएवढंच आहे."

राजानं कितीतरी वेळानं मान वळवली आणि पहिल्यांदा रांजणाला कान लावला. त्यानं काय ऐकलं ते कुणाला सांगितलं नाही. त्यानं नखांनी मेण खरवडलं. नखं तुटली, तरी खरवडत राहिला. झाकण निघालं. दिसलं काहीच नाही. फक्त राजकन्येच्या कपाळावरचे केस जरा उडाले, आणि खिडकीचा पडदा बाहेर गेला.

आणि तो आवाज मधेच थांबला. रडणारं माणूस एकाएकी गप्प होतं ना, तसा.

वाऱ्याच्या आईला तिचं लेकरू मिळालं. ती मागं वळली नाही. खाली काय झालंय ते तिनं बघितलं नाही. ती लेकराला घेऊन गेली.

दर्या उतरला. लोक घळीतून खाली आले, तर गाव नव्हतं. जे वर आले नव्हते, त्यांच्यातलं कुणीच उरलं नव्हतं. आवडाय चिंचेपाशी सापडली. तिच्या मुठीत दाव्याचा तुकडा होता. मथुरेनं तो सोडवायचा प्रयत्न केला नाही. भिवा दुसऱ्या दिवशी पोहत, चालत, चिखल तुडवत घरी आला. मथुरा त्याला सामोरी गेली. तिनं तोंड उघडायच्या आधीच त्याला कळलं. तो खाली बसला आणि गोजी त्याच्या पाठीला बिलगली. तिनं त्याला सगळं स्वतःच सांगितलं. त्यानं तिचा हात सोडला नाही.

ते बांधलेलं छप्पर चिंचेच्या फांद्यांत अडकलं होतं. लोकांनी ते खाली घेतलं, टेकू दिले, आणि उरलेली सगळी माणसं त्याच्याखाली राहायला लागली. मडक्यांतले पोहे पुरवून पुरवून खाल्ले. वाळूनं भरलेल्या होड्या शाबूत होत्या. भिवा पैलतीरावरून धान्य आणायला लागला.

मग एके दिवशी पलीकडच्या काठावर एक माणूस येऊन उभा राहिला. डोक्याला मुकुट नाही, पायात जोडे नाहीत, मागं शिपाई नाहीत. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. बरोबर त्याची मुलगी. भिवानं त्याला ओळखलं. काठावरच्या सगळ्यांनीच ओळखलं. एक गडी म्हणाला, राहू दे त्याला तिकडेच. भिवा वल्हं हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मथुरा बघत होती. शेवटी भिवानं होडी लोटली.

राजा होडीत चढला तो उभाच राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. भिवानं पाण्याकडे बघत वल्हं मारलं आणि म्हणाला, "खाली बसा, महाराज. उभं राहिलं की होडी हलते."

राजा बसला. अलीकडे आल्यावर त्याला कुणी नमस्कार केला नाही आणि कुणी दगडही मारला नाही. द्रौपदानं त्याच्या मुलीला पोहे दिले. राजा कुठं काम आहे ते बघून आला, आणि वासे उचलायला लागला.

पुढं राजानं हुकूम बदलला, गावं पुन्हा बसली. वारा परत वाहायला लागला, आणि खळ्यावर बायकांचे हात हलके झाले. वादळंही परत आली. कधी काही गेलं, कधी काहीच गेलं नाही. जी माणसं उरली ती जेवली, भांडली, त्यांनी पोरांची लग्नं लावली, आणि पांढऱ्या केसांची होऊन आपापल्या घरात सुखानं निजली.

संपली गोष्ट. दार लावलंय मी, कडीही घातली आहे. आता बोलायचं नाही. डोळे मिटा.